रुमालाखालचा हात

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. कल्पना आकांक्षाची. मुलगी बडनेऱ्याला रेल्वेत आहे, तरी तिला सगळं वेळेवर लागतं. म्हणाली, बाबा, रोज बीपी मोजून लिहून ठेवत जा. डायरी बियाण्याच्या कंपनीची, मागच्या वर्षीची. चालते.

बीपी: मोजला नाही. चेहऱ्यावरून चांगला वाटतो.

काल अमरावतीला ट्रेडमिलची टेस्ट झाली. छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालायचं. मी उत्तम चालत होतो, त्यांनीच मध्ये थांबवलं. माझ्या मते बूट घट्ट होते. डॉक्टर सबीहा मॅडम म्हणाल्या, काका, चालताना तुमच्या हृदयाला रक्त कमी पडतं, कुठेतरी नळी तुंबलेली असणार. अँजिओग्राफी करावी लागेल. मनगटाच्या नसेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि फोटो काढतात. गरज पडली तर तिथेच स्टेंट. आणि हे आठवड्याच्या आत.

मी एकदम शांत. मनकर्णाचं म्हणणं, तुमी खुर्चीचा हात सोडून नव्हते राह्यले. खुर्ची हलत होती म्हणून धरला होता. बायकोला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

निश्चय: सोमवारी सकाळच्या एसटीने अमरावती. करून मोकळं व्हायचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

बीपी: मशीनच्या सेलमध्ये दम नाही असं वाटतं.

एक गोष्ट काल लिहायची राहिली. खरं तर तीच मुद्द्याची. मी मॅडमना विचारलं, मनगटातली नस सापडणार कशी? त्यांनी खिशातल्या मोबाईलएवढं एक यंत्र दाखवलं. म्हणाल्या, मनगटाला जेली लावायची, हे वर ठेवायचं, स्क्रीनवर नस दिसते, मग सुई बघून टाकायची. म्हणजे सोनोग्राफी! ती बायकांची करतात, बाळ पाहायला. माझ्या मनगटात कोणतं बाळ आहे?

शिवाय ज्या डॉक्टरला बोटांनी नाडी सापडत नाही, त्याने टीव्ही लावून सुई टोचायची, यात कसली विद्या? मी सुईला भीत नाही. मी तत्त्वाचं बोलतो आहे.

बोटांचं मला कोणी शिकवू नये. मी शालिकराम रेचे, अकोटच्या बैलबाजारातला दलाल. आमचा सौदा तोंडाने होत नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांनी भाव बोलतात. इतकी बोटं दाबली की इतका भाव. नको असला तर समोरच्याची बोटं झटकायची, पटला तर अंगठा दाबायचा. चारी बाजूंनी लोक उभे असतात आणि कोणाला काही कळत नाही, कारण चेहरा कोरा ठेवायचा असतो. अख्ख्या बाजारात माझ्याइतका कोरा चेहरा कोणाचा नव्हता. अकोल्याचा अब्दुल गफ्फार, समोरच्या बाजूचा दलाल, उभा जन्म माझ्यासमोर बसला. दर सौद्यानंतर हळहळायचा, आज बी तुवं मले लुटलं लेका.

तर प्रश्न भीतीचा नाही. माणूस बोटांचा हवा, एवढंच.

११ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

आज जायचं. पिशवी भरली आहे. मन खंबीर.

त्याच दिवशी, दुपार

गेलो नाही. एसटीला गर्दी होती, म्हणजे असणार. सोमवारी अंगात लोखंड घालून घेऊ नये असंही कोणीतरी म्हणत होतं. बहुतेक मीच.

जेवणानंतर सहज स्वतःची नाडी पाहायला बसलो. बोटांची परीक्षा म्हणून. नाडी लागेना. हात बदलला, तरी लागेना. कानशिलं गरम झाली, पाय गार पडले. मनात आलं, झालं, आपण गेलो, फक्त अजून कोणाला कळलेलं नाही. मनकर्णा ओसरीत मेथी निवडत होती. तिला हाक मारली ती जरा मोठ्याने गेली असावी, कारण शेजारचा नत्थुजीही धावत आला. मनकर्णाने मेथीच्या हातानेच मनगट धरलं आणि म्हणाली, अवो, नाडी आंगठ्याकडं असते, तुमी करंगळीकडं शोधून राह्यले. नत्थुजी हसला. त्याला हसायला काहीही पुरतं.

माझी नाडी खोल आहे असा याचा अर्थ. साध्यासुध्या माणसाचं काम नाही.

निश्चय: बोटांवर काम करणारा डॉक्टर शोधायचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बीपी: पट्टा मनकर्णाने कुठे ठेवला ते तिला आठवत नाही. (मी कपाटामागे ठेवला आहे.)

गफ्फार अकोल्याहून भेटायला आला. आता त्याचा धंदा पोरगा उसामा मोबाईलवर करतो, बैलांचे व्हिडिओ टाकून. रुमालाचं काम राहिलं नाही. आम्ही दोघांनी त्यावर थोडा वेळ दुःख केलं.

मग मी तत्त्व समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अबे शालिक, तुले मशीनचं कायी नाई. तुले सुईचं भेव लागून राह्यलं. माहं तं जांघेतून केलं होतं, रगत थांबाले दिवसभर रेतीची थैली ठेवून उताना पडून होतो. तुले हातातून करून देऊन राह्यले, तं तुहे नखरे.

जांघेतून! हे मला माहीत नव्हतं. पाणी प्यालो.

मी त्याला शांतपणे सांगितलं की भीती हा शब्द त्याने माझ्या बाबतीत वापरू नये. तोही शांतपणे माझ्या हाताकडे बघत बसला. काय बघत होता कोण जाणे. शेवटी म्हणाला, अकोल्यात खारोडे डॉक्टर हायेत, जुने हायेत, बोटावर करतेत. पण कर लेका कोठी बी, पण कर.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

छातीत काही नाही. जिना चढताना होतं ते जिन्यामुळे.

आज मनकर्णाला घरातल्या काही गोष्टी दाखवल्या. सहज. पाण्याची मोटर अडकली तर कुठे ठोकायची. गॅसच्या नंबराला फोन कसा लावायचा. कागदपत्रांची पेटी. माझ्या मोबाईलचं कुलूप. माझा सौद्याचा तांबडा रुमाल धुऊन, घडी घालून तिच्या साड्यांत ठेवला. ती बराच वेळ माझ्यामागून फिरत होती, मग एकदम पदर तोंडाला लावून उभी राहिली. म्हणे, हे सारं मले काहून सांगून राह्यले? तुमी कोठी जाऊन राह्यले काय?

मी म्हणालो, कुठे जातो, माणसाने सगळं शिकून ठेवावं. मग मला मोटरीकडे पुन्हा एकदा बघून यावंसं वाटलं. तिथे जरा थांबलो. मोटर ठीक आहे.

निश्चय: मतदान झाल्याशिवाय हात कोणाला द्यायचा नाही. वीस तारखेला मतदान आहे. हाताला सूज आली, बोटाला शाई लावता आली नाही, तर एक मत वाया. हे देशाचं काम आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केलं. डाव्या तर्जनीला शाई. फोटो आकांक्षाला पाठवला. तिने फक्त एवढंच लिहिलं: बाबा, आता?

शाळेच्या तीन पायऱ्या चढताना छातीवर कोणीतरी गुडघा ठेवला असं वाटलं. डावा खांदा आणि जबडा धरून आला. वर्गातल्या बाकावर बसलो. बाक लहान मुलांचा, गुडघे हनुवटीला लागले. ड्यूटीवरच्या बाईंनी पाणी दिलं आणि रांग सोडून मला आधी पाठवलं. बाकाची मजबुती बघत होतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

घरी मनकर्णाला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती समोर येऊन बसली आणि जेवण होईपर्यंत तशीच बसून राहिली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आकांक्षाने फोनवर सबीहा मॅडमना जोडून दिलं. मला न विचारता. मी त्यांना सांगितलं की अकोल्याला बोटांवर करून घेणार आहे, राग मानू नका. त्या म्हणाल्या, काका, राग कसला. खारोडे सरांचा हात चांगला आहे, बोटांनीही बहुतेकांचं होतंच. फक्त तुमची नस बारीक आहे, ठोका हलका आहे. बघून टाकली की पहिल्याच टोचण्यात जायची शक्यता जास्त, एवढंच. पण कुठेही करा, उद्या-परवा करा. या वेळी नाही टाळायचं.

म्हणजे त्यांनीही मान्य केलं: बोटांनी होतं.

बाकीचं मी नीट ऐकलं नाही. लाईन खराब होती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. अकोला

मनकर्णासह गफ्फारकडे, जुन्या शहरात. हमिदाभाभींनी माझ्यासाठी वेगळी, बिनतेलाची भाजी केली होती. मनकर्णा आणि त्या दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मी आत गेलो की मेथीचा भाव काढायच्या.

दुपारी खारोडे डॉक्टर. केस पांढरे, हात मऊ आणि कोरडे. मी त्यांची परीक्षा घेतली. हात टेबलावर ठेवला, वर माझा साधा रुमाल टाकला आणि म्हणालो, सांगा नाडी. त्यांनी वर बघितलं, मग रुमालाखाली बोटं घातली आणि घड्याळ न बघता म्हणाले, फार जोरात पळते आहे. घाबरला आहात का?

मी म्हणालो, जिना चढून आलो.

दवाखाना तळमजल्यावर आहे, हे नंतर लक्षात आलं.

पण बोटं पास. सोमवारी सकाळी ठरलं. माझ्या शोधाचं सार्थक झालं. निश्चय केला की तो पार पाडायचा, ही आमच्या घराची रीतच आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

अंघोळ झाली. हातावरचे केस काढले. मनकर्णाने कपाळाला अंगारा लावला, गफ्फारने दंडाला हात लावून काहीतरी पुटपुटलं. आज मी सिद्ध करणार. बोटांचा माणूस बोटांच्या माणसाकडून.

जीभ कोरडी आहे. उपाशी असल्यामुळे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

झालं नाही.

उजव्या मनगटावर घट्ट पट्टी आहे आणि हात कोपरापर्यंत निळा-काळा. लिहायला वेळ लागतो, पण चूक कोणाची हे नोंदवून ठेवलेलं बरं.

खारोडे डॉक्टरांची बोटं उत्तम, ते मी आजही म्हणतो. टेबल अरुंद होतं आणि खोली गार. हात फळीवर ठेवला, त्यावर हिरवं कापड. कापडाला मनगटापुरतं भोक, पंजा कापडाखाली. आणि पंजा मागे वाकवून धरायला एका ब्रदरने कापडाखाली हात घालून माझी बोटं धरली. इथे सगळं फिसकटलं. कापडाखाली कोणी हात धरला की काय करायचं, हे माझ्या डोक्याला विचारावं लागत नाही. त्याने दोन बोटं दाबली. फार कमी होती. मी झटकली.

सुई सटकली. डॉक्टर म्हणाले, रेचे, हात हलवू नका, सैल सोडा. मी म्हणालो, नाही हलवणार. दुसऱ्या वेळी ब्रदरने तीन बोटं दाबली. भाव वाढला होता, पण अजून परवडण्यातला नव्हता. झटकली. मी नाही, हाताने. देवाशप्पथ मला कळायच्या आत. डॉक्टर म्हणाले, अहो, हे काय करताय? आता काय सांगणार होतो, की सौदा चालू आहे?

तिसऱ्या वेळी ब्रदर वैतागला असावा. त्याने अख्खा पंजा आवळून धरला. मी अंगठा दाबून सौदा मान्य केला. पण तोपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर मनगटावर बोटं सरकवत ठोका शोधत राहिले. मग म्हणाले, नस आवळली, ठोका लागत नाही. भीतीने आवळते, टोचलं की आणखी आवळते. हा हात आता नको. आत्ताच जांघेतून करून टाकू.

जांघ म्हटल्यावर मी उठून बसलो. छातीला वायरी तशाच. मी म्हणालो, बाजार उठला.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला टेबलावरून उतरायला हात देऊन म्हणाले, मग त्या अमरावतीच्या मॅडमकडे डाव्या हाताने करा, स्क्रीनवर बघून. पण जा. हे थांबण्यातलं दुखणं नाही.

बाहेर मनकर्णा बाकावर बसली होती. तिला वाटलं झालं. उठली, हसली. मग तिने माझा हात बघितला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बीपी: नको.

गफ्फार म्हणाला, आजच अमरावतीला जाऊ. मी म्हणालो, एक दिवस हाताला आराम. हमिदाभाभी पिशवी भरायला लागल्या. ब्रदरची गोष्ट गफ्फारला सांगितली. तो इतका हसला की डोळ्यातून पाणी आलं. मग डोळे पुसत राहिला, पुसत राहिला, आणि हसणं थांबलं तरी पुसतच होता.

मला मरायचं नाही. हे वाक्य असंच आलं. खोडत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार. अमरावती, दवाखाना

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, आणि जसं झालं तसं.

काल सकाळी अकोल्याहून गाडीत बसलो, मी, मनकर्णा आणि गफ्फार. बोरगाव गेलं आणि छातीवरचा गुडघा परत आला. या वेळी उठेना. घाम असा की सदरा अंगाला चिकटला. मूर्तिजापूर आलं, गेलं. मी खिडकीबाहेर कपाशी बघत होतो. वेचणी चालू होती, बाया ओटीत कापूस भरत होत्या, आणि मला एकच वाटत होतं, हे सगळं उद्याही असंच असणार आणि मी नसणार. मी दोन आठवड्यांपूर्वीच जाऊ शकत होतो. चालत एसटीत बसून, खिडकीची जागा धरून. मी गेलो नाही, कारण मी भ्यालो होतो. तत्त्व वगैरे काही नव्हतं. भीती होती, नुसती भीती. जिभेखाली गोळी ठेवली. गफ्फारने माझं डोकं खांद्यावर घेतलं. मनकर्णा देवाचं नाव घेत नव्हती. ती नुसती म्हणत होती, आलं बडनेरा, आता आलं, आलंच.

बडनेऱ्याला आकांक्षा फलाटावर उभी, ड्यूटीच्या कपड्यात, सोबत व्हीलचेअर. मला रागावायचं तिने ठरवून ठेवलं असणार. माझा चेहरा बघून तिने खुर्ची पुढे ढकलली.

अमरावतीला दवाखान्यात सबीहा मॅडमनी लगेच आत घेतलं. आधी उजव्या मनगटावर जेली लावून बघितलं. म्हणाल्या, हा सुजलाय, डावा घेऊ. शाईचं बोट बघून नर्स प्रणाली म्हणाली, काका, मत तं वेळेवर देलं. ऑक्सिजन मोजायची क्लिप तिने दुसऱ्या बोटाला लावली. मग पुन्हा तेच हिरवं कापड आलं. पण कापडाखाली कोणी बोटं धरली नाहीत. माझ्या पंजात गुंडाळलेल्या पट्टीचा एक गोळा दिला आणि पंजा चिकटपट्टीने फळीला बांधला. मॅडम म्हणाल्या, बाहेर तुमचे गफ्फारभाई बसलेत ना, त्यांनी बजावून सांगितलंय. त्याच्या हातात बोट द्यायचं नाई म्हणून.

स्क्रीन माझ्या बाजूला वळवलेली होती. मी बघणार नव्हतो. बघितलं. करड्या धुरात एक काळा गोल, आणि तो उडत होता. मॅडमनी यंत्र जरा दाबलं. बाजूचे दोन काळे ठिपके चपटे झाले, तो मात्र तसाच उडत राहिला. त्या म्हणाल्या, त्या दोन नुसत्या शिरा आहेत, दाबलं की दबतात. हा जो दबत नाही, तो आपला.

मला बरं वाटलं. माझं काहीतरी दबत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, काका, भीती वाटते का? मी म्हणालो, नाही. माझा चेहरा कोरा होता, मी शपथेवर सांगतो. आणि स्क्रीनवर तो काळा गोल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आवळायला लागला. फुटाण्याएवढा होता, मोहरीएवढा झाला. प्रणाली बघत होती, मॅडम बघत होत्या, कोपऱ्यातला टेक्निशियनही बघत होता. मॅडम हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, काका, ही नस तर वेगळंच सांगून राहिली.

इतक्या वर्षांत रुमालाखालचं कोणाला दिसलं नव्हतं. आता टीव्हीवर दाखवत होते.

मी म्हणालो, वाटते. फार वाटते. उजव्या हातासारखं झालं तर आता दुसरा हात नाही. माझी बायको बाहेर आहे, तिला मोटर चालू करता येत नाही अजून, मी दाखवलं तेव्हा ती रडत होती. मला आठवतं तसं मी बरंच बोललो. मॅडमनी सगळं ऐकलं. मनगटात नस सैल करायचं औषध दिलं आणि म्हणाल्या, आता आपण थांबू. मला घाई नाही. तुमच्या सगळ्यात चांगल्या जोडीचं सांगा. बैलांच्या.

मी सांगायला लागलो. एक जोडी होती, गावरान, पांढरीशुभ्र. मालक विकताना रडत होता आणि एक बैल त्याच्या खिशातली सरकीची ढेप शोधत होता. सांगता सांगता मी स्क्रीनकडे बघत होतो. गोल उघडत होता. मोहरीचा मूग, मुगाचा फुटाणा. त्या जोडीनेच नस मोकळी केली. मध्येच धुरात एक पांढरा ठिपका आला, गोलाच्या डोक्यावर थांबला, आणि आत गेला. मॅडम म्हणाल्या, झालं काका, सुई आत आहे.

एक टोचणं. मी अजून बैलांचं वयही सांगितलं नव्हतं.

हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद होती. स्टेंट टाकला. आज मॅडम म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर बोलायला तुम्ही नसता. हे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी मान खाली घातली.

३० नोव्हेंबर, शनिवार. अकोट, घर

घरी आलो. डाव्या मनगटावर तिळाएवढी खूण, उजवा हात अजून हळदी-जांभळा. येणारा प्रत्येक जण उजवाच बघतो आणि म्हणतो, केवढं मोठं ऑपरेशन झालं! मी पहिल्या दोघांना काही सांगितलं नाही. तिसऱ्याला खरं सांगितलं. तो नत्थुजी होता, त्यामुळे आता गावालाच सांगितल्यासारखं आहे.

संध्याकाळी गफ्फार अकोल्याला परत निघाला. मी म्हणालो, त्या स्क्रीनने माझी इज्जत घेतली. नाहीतर आजवर माझ्या हातावरून कोणाला काही कळलं नव्हतं.

गफ्फार चप्पल घालत होता, तो थांबला. म्हणाला, शालिक, आता तुया दिलात नवा पाइप हाय म्हून सांगतो. तुहा अंगठा. सौदा तुटते का काय असं तुले वाटलं का तो कापते. चेहऱ्यावर कायी नाई, पन अंगठा पुरा बयान देते. तो कापला का म्या तठीच थांबो. त्याच अंगठ्यावर माहं घर उभं झालं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

म्हणाला, बोललो असतो तं तुवं अंगठा आवरला असता. मंग म्या काय खाल्लं असतं? आणि दारात वळून म्हणाला, पन लुटलं असतं तं लय लुटता आलं असतं. तितकं नाई लुटलं. मग तोंड फिरवून निघून गेला.

मी बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसलो. माझा कोरा चेहरा, आणि खाली हा. मनकर्णाला म्हणालो, ऐकलंस का, हा गफ्फार काय म्हणतो, म्हणे माझा अंगठा थरथरतो.

ती कपाटामागून बीपीचा पट्टा काढत होती. मागे न बघता म्हणाली, त्याले आता समजलं काय? मले तं लगनातच समजलं. माह्या बावाजीनं माहा हात तुमच्या हातात देला, तवा अंगठा लटलट कापून राह्यला होता. म्हटलं, चाला, मानूस तं आहे.

मग पट्टा माझ्या दंडाला बांधला आणि म्हणाली, हात सैल सोडा.

बीपी: मोजला. मोजताना अंगठा थरथरत होता, तो तिने मुठीत धरून ठेवला, आणि आकडा बघायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.